‘फिशिंग’ हा शब्द नेमका कसा वापरावा

नेरूळला मी संध्याकाळी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. सारसोळे गावातून येणाऱ्या, सातवीतल्या एका मुलाने एकदा ‘माझे वडील’ या विषयावर दहा ओळी लिहून आणल्या होत्या. ‘माय फादर डझ फिशिंग’ ही त्यातली दुसरी ओळ मी लाल पेनाने खोडली आणि तिच्यावर ‘माय फादर कॅचेस फिश’ असे लिहिले. पुढे ‘यस्टर्डे ही डिड फिशिंग’ असे होते; त्याच झपाट्यात त्याचेही ‘यस्टर्डे ही कॉट फिश’ करून टाकले. मुलाने वही हातात घेतली, दुरुस्ती दोनदा वाचली आणि म्हणाला, “मॅडम, पण काल काहीच गावलं नाय. भांग होती, पाण्याला ओढच नव्हती. पप्पा नुसते जाऊन आले.” (भांग म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याचे दिवस.)

मुलाचे बरोबर होते आणि माझी दुरुस्ती चूक होती. ‘फिश’ या क्रियापदाचा अर्थ आपण सगळेच ‘मासे पकडणे’ असा पाठ करतो आणि तिथेच फसतो. इंग्रजीत ‘फिश’ म्हणजे मासे मिळावेत म्हणून खटपट करणे; मासा हाती लागला की नाही, याबद्दल हे क्रियापद एक अक्षरही बोलत नाही. मासा प्रत्यक्ष मिळाला, हे सांगण्यासाठी ‘कॅच’ हे वेगळे क्रियापद आहे. म्हणून ‘ही फिश्ड ऑल डे बट कॉट नथिंग’ हे वाक्य इंग्रजीत अगदी सरळ आहे, पण त्याचे ‘त्याने दिवसभर मासे पकडले, पण काहीच पकडले नाही’ असे मराठी केले तर ऐकणारा चक्रावून जाईल. तिथे ‘तो दिवसभर मासेमारी करत होता, पण हाती काही लागले नाही’ असेच म्हणावे लागते.

ही चूक मराठी माणसाकडून हमखास होते, कारण आपल्या भाषेची घडणच तशी आहे. भूतकाळात आपले सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: त्याने जिताडा पकडला, दोन जिताडे पकडले, चिंबोरी पकडली. क्रियापदाचे रूप ठरायला मासा आधी वाक्यात यावा लागतो, आणि ‘पकडले’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भरलेली पाटी उभी राहते. इंग्रजीतल्या ‘फिश्ड’ला कर्माची गरज नसते. ‘ही फिश्ड’ एवढ्यावर वाक्य पुरे होते. त्यात माणूस आहे, पाणी आहे, वेळ गेला आहे, मासा मात्र असेल किंवा नसेल. हा एक भेद मनात पक्का बसला की पुढची बहुतेक रूपे पाठ करावी लागत नाहीत, ती आपोआप उलगडत जातात.

आधी सगळ्यांत जास्त लागणारी रचना पाहू. मासे धरायला जाण्याला इंग्रजीत ‘गो फिशिंग’ म्हणतात आणि या दोन शब्दांच्या मध्ये काहीही येत नाही. ‘आय वेंट टु फिशिंग’ हे चूक आहे. ‘आय वेंट फॉर फिशिंग’ आपल्याकडे सर्रास ऐकू येते, तरी लिहिताना ते टाळावे. ‘गो शॉपिंग’, ‘गो स्विमिंग’ या रचना आपण बिनचूक वापरतो, कारण त्या तयार ऐकलेल्या असतात. ‘फिशिंग’ त्याच पंक्तीत बसवावे. ‘टु’ वापरायचेच असेल तर पुढे ‘फिशिंग’ न घेता ‘फिश’ घ्यावे: ‘ही वेंट टु द क्रीक टु फिश’.

याला जोडून येणारी दुसरी चूक जागेच्या शब्दाची असते. ‘तो खाडीवर मासे धरायला गेला’ या वाक्यात आपले ‘गेला’ हे क्रियापद खाडीकडे बोट दाखवते, म्हणून मुले ‘ही वेंट फिशिंग टु द क्रीक’ असे लिहितात. इंग्रजीत इथे जागा जाण्याशी जोडली जात नाही, ती मासेमारीशी जोडली जाते. आणि मासेमारी खाडीत होते, म्हणून ‘ही वेंट फिशिंग इन द क्रीक’. काठावर बसून केली तर ‘फ्रॉम द बँक’, होडीतून केली तर ‘फ्रॉम अ बोट’, किनाऱ्यापासून थोडे आत समुद्रात केली तर ‘ऑफ द कोस्ट’.

आता ‘डू फिशिंग’कडे वळू. मुलाची मूळ ओळ मी खोडली, तीही काही अगदी टाकाऊ नव्हती. ‘डू सम फिशिंग’ किंवा ‘डू अ बिट ऑफ फिशिंग’ असे इंग्रज माणूस सहज म्हणतो, पण त्यात थोडा वेळ, हौसेखातर असा भाव असतो. नुसते ‘डझ फिशिंग’ मात्र ‘मासेमारी करतो’चे शब्दाला शब्द ठेवून केलेले रूप वाटते. पोटापाण्याचा धंदा सांगायचा असेल तर ‘ही फिशेस फॉर अ लिव्हिंग’ किंवा सरळ ‘ही इज अ फिशरमन’ म्हणावे. त्या मुलाच्या वहीत शेवटी आम्ही दोघांनी मिळून लिहिले ते असे: ‘माय फादर इज अ फिशरमन. ही फिशेस इन ठाणे क्रीक. यस्टर्डे ही वेंट फिशिंग बट कॉट नथिंग.’ तिसरे वाक्य ठेवावे की नाही, यावर त्याने थोडी कुरकुर केली. वडिलांवरच्या निबंधात रिकामी परत आलेली होडी त्याला नको होती.

‘फिशिंग’ हे नाम म्हणूनही चालते आणि तेव्हा त्याचा अर्थ आपल्या ‘मासेमारी’शी बरोबर जुळतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तिला ‘फिशिंग बॅन’ म्हणतात आणि ‘ट्रॉलर्स कॅनॉट गो फिशिंग इन जून अँड जुलै’ असे वाक्य त्यावरून सहज करता येते. तलावाच्या कठड्यावरचा ‘नो फिशिंग’ हा फलकही याच नामाचा. तिथे ‘नो कॅचिंग फिश’ असे कोणी लिहीत नाही, आणि ते योग्यच आहे. गळ टाकून बसलेल्या माणसाने ‘पण मला अजून एकही मासा मिळालेला नाही’ असा बचाव केला तरी तो चालणार नाही, कारण फलकाने मनाई केली आहे ती खटपटीलाच.

‘फिश’च्या पुढे कोणता शब्द घ्यावा, हा प्रश्न बऱ्याच जणांना अडवतो. जो मासा हवा असेल त्याच्या आधी ‘फॉर’ येतो: ‘दे आर फिशिंग फॉर पॉम्फ्रेट’ म्हणजे ते पापलेटाच्या मागे आहेत. इथेही तोच भेद दिसतो. ‘वेट फॉर’, ‘लुक फॉर’, ‘आस्क फॉर’ या सगळ्यांत हवी ती वस्तू अजून मिळालेली नसते, ‘फिश फॉर’ त्याच जातीचे आहे. ‘कॅच’नंतर ‘फॉर’ येत नाही, कारण तिथे मासा हातात आलेला असतो.

आपल्याला चमत्कारिक वाटणारी गोष्ट पुढेच आहे. ‘फिश’ला थेट कर्म लावले तर ते बहुतेक वेळा माशाचे नसून पाण्याचे असते. ‘पीपल हॅव फिश्ड द क्रीक फॉर जनरेशन्स’ म्हणजे या खाडीत लोक पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले आहेत. शेतकरी जसे शेत कसतो, तशी इथे खाडी कसली जाते, असे समजले तर ही रचना जवळची वाटेल. ठाणे खाडीवर निबंध लिहिणाऱ्या मुलांना मी हे वाक्य मुद्दाम देते. २०१५ मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, एवढे सगळे निबंधांत असते. पण चेंदणीपासून विटावा, वाशी, दिवाळे गावापर्यंतची माणसे या पाण्यावर आधीपासून जगत आली आहेत, हे बहुतेक निबंधांतून निसटते. याच रचनेतून ‘ओव्हरफिश्ड’ हा शब्द निघाला. ज्या पाण्यातून माशांची पैदास भरून निघण्याआधीच उपसा होतो, ते पाणी ‘ओव्हरफिश्ड’. आणि उपसून उपसून काहीच शिल्लक राहिले नाही, तर ‘फिश्ड आउट’.

खाडीकाठी राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खाडीतून मिळते ते सगळे ‘फिशिंग’ने मिळत नाही. ओहोटीला चिखलात उतरून बायका खडकावरची कालवे फोडतात, खुबे वेचतात; हे दोन्ही शिंपल्यातले जीव. त्याला ‘गॅदरिंग’ म्हणावे. तिथे ‘फिशिंग’ चालत नाही आणि ‘कॅचिंग’ही चालत नाही, कारण ‘कॅच’ करायला समोरचा जीव पळणारा असावा लागतो आणि कालव जागचे हलत नाही. चिंबोऱ्या धरायला जाण्याला ‘क्रॅबिंग’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि तोही ‘गो’बरोबर जातो. कोळंबीसाठी मात्र ‘फिशिंग फॉर प्रॉन्स’ म्हणता येते, कोळंबी हा मासा नसला तरी. निवटे चिखलातून हाताने धरले तर ‘कॅचिंग मडस्किपर्स बाय हँड’ असे साधे सांगावे.

गळाने मासे धरणे याला इंग्रजीत ‘अँगलिंग’ हा वेगळा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचे मूळ गळ असेच होते. भूमितीतल्या कोनाशी याची गल्लत करू नये. कोकणात गळाला गरी आणि गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात, ते ‘अँगलिंग’चे नेमके मराठी आहे. मासेमारीसाठी आपल्याकडे फक्त ‘पकडणे’ आहे असे जे मी वर सुचवले, त्याला ‘गरवणे’ हा चांगला अपवाद आहे: ‘गरवायला गेलो होतो’ म्हटले की काही मिळाले का, हे वेगळे विचारावे लागते. ‘फिशिंग’ मात्र गळ, जाळे, पिंजरा अशा सगळ्याच साधनांना लागू पडते, म्हणून शंका असेल तेव्हा ‘फिशिंग’ वापरावे. जाळ्यांच्या बाबतीत इंग्रजीची रोजची भाषा आपल्या मानाने गरीब आहे. आपण पाग म्हणतो तिथे ‘कास्ट नेट’ आणि प्रवाहात खुंटांना बांधून ठेवतात त्या डोलीला ‘बॅग नेट’ असे जोडशब्द करावे लागतात, आणि साध्या बोलण्यात ते सगळे नुसते ‘नेट’ होते. माझ्या विद्यार्थ्याला हे अजिबात पटले नव्हते.

माशाच्या अनेकवचनाबद्दल फार वेळ घालवण्याची गरज नाही. एक मासा ‘वन फिश’, दहा मासे ‘टेन फिश’. ‘फिशेस’ हे रूप चूक नाही, पण ते निरनिराळ्या जातींबद्दल बोलताना वापरतात. खाण्याचा विषय असेल तेव्हा ‘फिश’ मोजतच नाहीत, म्हणून ‘आय लाइक टु ईट फिशेस’ हे वाक्य कानाला खटकते. मराठीत आपण हाच फरक ‘मासा’ आणि ‘मासळी’ या दोन शब्दांनी दाखवतो: मासे मोजतो, मासळी आणतो.

जोडशब्दांत ‘फिश’ घ्यावे की ‘फिशिंग’, याला एक सोपी खूण आहे. पहिल्या शब्दातून कृती सांगायची असेल तर ‘फिशिंग’ आणि मासा सांगायचा असेल तर ‘फिश’. होडी मासेमारी करण्यासाठी असते, म्हणून ‘फिशिंग बोट’. बाजारात मासेमारी होत नाही, मासळी विकली जाते, म्हणून ‘फिश मार्केट’. ‘फिशिंग नेट’, ‘फिशिंग रॉड’, ‘फिशिंग हार्बर’ एका बाजूला; ‘फिश करी’, ‘फिश टँक’, ‘फिश पाँड’ दुसऱ्या बाजूला. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा मासेमारीवर वसलेला, म्हणून ‘फिशिंग व्हिलेज’. ‘फिश व्हिलेज’ म्हटले तर तिथे माशांचीच वस्ती आहे असे वाटेल. ‘फिशिंग नेट’चे ‘फिशनेट’ करू नये, कारण त्या जोडून लिहिलेल्या शब्दाने बहुधा जाळीदार कापड किंवा मोजे समजले जातात.

माणसांसाठीच्या शब्दांत जरा सांभाळून चालावे लागते. ‘फिशरमन’ एकवचन, ‘फिशरमेन’ अनेकवचन. मुले उच्चारात दोन्ही सारखेच करतात आणि मग लिहितानाही तसेच लिहितात. पुरुष आणि बाया दोघांनाही धरून बोलायचे असेल तर ‘फिशर्स’ किंवा ‘फिशरफोक’ हे शब्द आहेत. हौशी गळवाला ‘अँगलर’, आणि मासळीचा विक्रेता ‘फिशमंगर’. मासळी विकणाऱ्या कोळिणीसाठी शब्दकोशात चाळता चाळता ‘फिशवाइफ’ हा शब्द सापडतो आणि तो पाहून काही मुले आनंदाने उचलतात. तो कृपा करून उचलू नये. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ आरडाओरडा करणारी, शिवराळ बाई असा झाला आहे. दारावर पाटी घेऊन येणाऱ्या मावशीला ‘फिश सेलर’ किंवा ‘फिश व्हेंडर’ म्हणावे.

‘फिशर’ या शब्दाची आणखी एक अडचण आहे, ती केवळ आपली. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींत मूळव्याध आणि भगंदर यांच्या जोडीने जे ‘फिशर’ दिसते, त्याचा माशांशी संबंध नाही. इंग्रजीत त्याची अक्षरे निराळी आहेत, अर्थ भेग किंवा चीर असा आहे, उच्चार मात्र जवळजवळ एकच. मराठी मजकुरात मच्छीमारासाठी ‘फिशर’ लिहिणे म्हणूनच टाळावे. वाचणाऱ्याचे मन आधी कुठे जाईल, हे सांगायला नको.

आता या शब्दाचा पाण्याबाहेरचा वापर. खरी गंमत इथे आहे आणि इथेच चुकाही जास्त होतात. ‘फिश फॉर’पुढे माशाऐवजी दुसरेच काही आले की अर्थ होतो: उघड न मागता, आडून आडून मिळवू पाहणे. ‘शी इज फिशिंग फॉर कॉम्प्लिमेंट्स’ म्हणजे ती कौतुक मागत नाही, पण समोरच्याने ते करावे अशी वाट तयार करते. घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांना वाढताना ‘आज आमटी काही जमली नाही बाई’ असे म्हणून जी सुगरण त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहते, ती ‘फिशिंग फॉर कॉम्प्लिमेंट्स’ करत असते. गळ पाण्यात आहे, मासा लागेल की नाही हे पाहुण्यांवर अवलंबून आहे. ‘फिशिंग फॉर इन्फर्मेशन’ याला तर मराठीत बिनतोड जोड आहे: खडा टाकून पाहणे. ‘तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाचं काही चाललंय म्हणे?’ असे सहज विचारणारा दलाल खडा टाकून पाहत असतो आणि इंग्रजीत ‘ही इज फिशिंग’ एवढ्या दोन-तीन शब्दांत त्याचे वर्णन होते.

इथे एक धोक्याची सूचना. ‘फिश फॉर’चे भाषांतर करताना ‘गळ घालणे’ वापरण्याचा मोह होतो, कारण दोन्हीकडे गळ आहे. पण मराठीत गळ घालणे म्हणजे आग्रह धरणे, मागे लागणे. ‘तिने मला गाणे म्हणण्याची गळ घातली’ या वाक्यात काहीच आडून नाही, सगळे तोंडावर आहे. ‘फिश फॉर’मध्ये नेमके तेच टाळलेले असते. दोन अर्थ असे जवळजवळ उलटे आहेत. ‘गळाला लागणे’ही तपासून वापरावे. ‘विरोधी पक्षाचे चार नगरसेवक गळाला लागले’ या बातमीत मासा मिळालेला आहे, म्हणून तिथे ‘फिश’ चालणार नाही. आणि गळ दिसला म्हणून ‘हुक्ड’ लिहावे, तर ‘हुक्ड’ म्हणजे नाद लागलेला, चटक लागलेला. तिथे सरळ ‘वन ओव्हर’ (‘विन’चे भूतकाळी रूप ‘वन’) किंवा टोचून लिहायचे असेल तर ‘ल्युअर्ड अवे’ म्हणावे.

कचेरी आणि कोर्टाच्या भाषेत ‘फिशिंग एक्सपिडिशन’ हा शब्दप्रयोग येतो. त्याचे ‘मासेमारी मोहीम’ असे भाषांतर मी एका छापील मजकुरात पाहिले आहे आणि ते वाचून संबंधित खटला बहुधा ट्रॉलरचा असावा असा माझा समज झाला होता. प्रत्यक्षात तो जमिनीच्या वाटणीचा होता. अर्थ असा की, हातात ठोस काहीच नसताना, काहीतरी सापडेलच या आशेने समोरच्याची सगळी कागदपत्रे उपसायला मागणे. आपली न्यायालयेही अशा मागणीला ‘रोव्हिंग अँड फिशिंग इन्क्वायरी’ म्हणतात आणि ती सहसा मान्य करत नाहीत. मराठीत ‘काही हाती लागते का, हे पाहण्यासाठी केलेली मोघम चौकशी’ असे उलगडून लिहावे. आटोपशीर प्रतिशब्द शोधण्याच्या नादात अर्थ बुडवू नये. जाळे टाकले आहे, मासा आहे की नाही याची खात्री नाही, हा आपला पहिलाच भेद कोर्टातही उभा आहे.

‘फिश इन ट्रबल्ड वॉटर्स’ म्हणजे दुसऱ्यांच्या भांडणात आपली पोळी भाजून घेणे. एवढे पुरे. ‘फिशी’ हे विशेषण आपल्याकडे तरुण मंडळी मराठीत जशास तसे वापरतात, ‘काहीतरी फिशी वाटतंय’. त्यासाठी ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ हा आपला प्रयोग तितकाच ओला आहे आणि जास्त जुना.

‘फिश आउट’ मात्र नीट पाहण्यासारखे आहे, कारण या एका रचनेत वस्तू खरोखरच हाती लागते. ठाणे स्टेशनच्या पुलावर तिकीट तपासनीस समोर उभा आहे, मागून गर्दी ढकलते आहे, आणि एक बाई खांद्यावरच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून डबा, छत्री, औषधाची पट्टी, घरच्या किल्ल्या बाजूला सारत शेवटी पास बाहेर काढतात. ‘शी फिश्ड आउट हर पास’ हे वाक्य त्या क्षणाचे आहे. पास वरच्याच कप्प्यात असता तर ‘टुक आउट’ पुरले असते. ‘फिश्ड आउट’मध्ये न दिसणाऱ्या ठिकाणी चाचपडणे आले. मराठीत ‘चाचपून काढला’ किंवा ‘उचकून काढला’ हे त्याच्या जवळ जाते. रचना अशी की, नाम ‘आउट’च्या आधी किंवा नंतर कुठेही येऊ शकते, पण सर्वनाम मध्येच घ्यावे लागते: ‘शी फिश्ड इट आउट’. ‘फिश्ड आउट इट’ कधीही लिहू नये.

याच क्रियापदाचा एक वापर बातम्यांत दिसतो आणि तो मला पटत नाही. खाडीतून मृतदेह काढला गेला की इंग्रजी बातमीत ‘द बॉडी वॉज फिश्ड आउट’ असे छापून येते. व्याकरणात चूक काही नाही, पण त्यात पिशवीतून पास काढल्याचा हलकेपणा शिल्लक राहतो. ज्यांना असे लेखन करावे लागते, त्यांनी ‘द बॉडी वॉज रिकव्हर्ड’ लिहावे. मराठी बातमीदार ‘बाहेर काढण्यात आला’ असे लिहितात, ते अधिक सभ्य आहे.

शेवटी राहिले ते दुसरे ‘फिशिंग’. बँकेच्या नावाने खोटा संदेश किंवा खोटी लिंक पाठवून पासवर्ड काढून घेण्याला जे ‘फिशिंग’ म्हणतात, त्याचा उच्चार तोच, अर्थही त्याच गळावरून आलेला. पण इंग्रजीत त्याची सुरुवात ‘एफ’ने न करता ‘पीएच’ने करतात. १९९०च्या दशकात अमेरिकेत हा शब्द रूढ झाला, आणि टेलिफोन यंत्रणेत घुसखोरी करणारे लोक त्याआधी आपल्या उद्योगाला ‘फ्रीकिंग’ म्हणताना जी ‘पीएच’ लावत, तिचीच ही छाप मानली जाते. इंग्रजी वाचणाऱ्याला अक्षरावरून फरक कळतो. देवनागरीत ‘फ’ एकच असल्यामुळे दोन्ही ‘फिशिंग’ डोळ्यांना एकसारखी दिसतात. सारसोळ्याच्या त्याच मुलाने सांगितलेली गोष्ट आहे: जुलै संपत आला होता, होड्यांची डागडुजी चालू होती, आणि वडिलांच्या मोबाइलवर ‘फिशिंगपासून सावध राहा’ असा मराठी संदेश आला. त्यांनी तो मुलाकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारले, “बंदी वाढवली का काय?”

म्हणून मराठीत लिहिताना पाण्यातल्या कामासाठी ‘मासेमारी’ हाच शब्द ठेवावा आणि फसवणुकीबद्दल लिहायचे असेल तर नुसते ‘फिशिंग’ न लिहिता ‘फिशिंगची फसवणूक’ किंवा ‘खोट्या लिंकची फसवणूक’ असे पूर्ण लिहावे. इंग्रजीत लिहिताना पहिले अक्षर तपासावे. आणि असा संदेश येऊन पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक लगेच फिरवावा. तिथे तक्रार मराठीत सांगितली तरी चालते, पण ‘फिशिंग झालं’ म्हणून थांबू नये, कोणत्या नंबरवरून काय आले आणि किती रक्कम गेली, हे सांगावे.